आमरीवरची कीड आणि कपाशीची दवाई: खान्देशात ऑर्किडसाठी कीटकनाशक कसं निवडावं

चोपड्याला सासरी पडवीत एक जुनं फडताळ आहे. त्यात गेल्या कित्येक हंगामांच्या अर्ध्या-पाऊण बाटल्या उभ्या असतात. बोंडअळीची, माव्याची, तुडतुड्यांची, शिवाय लेबल गळून गेलेल्या दोन-तीन, ज्यांचं नाव आता फक्त वासावरून सांगता येईल. चार वर्षांपूर्वी जळगावच्या गच्चीवरच्या माझ्या डेंड्रोबियम ऑर्किडची पानं राखट पडायला लागली, तेव्हा मी सरळ त्या फडताळाशी गेले. आबा म्हणाले, "कपाशीले चालस, मंग हाई फूलले का बरं चालाव नई?" मलाही ते पटलं. क्लोरोपायरीफॉस आणि सायपरमेथ्रिनचं एकत्र औषध, वर चमचाभर टॉनिक, आणि एप्रिलमधली सकाळची साडेदहाची वेळ. तिसऱ्या दिवशी कळ्या गळाल्या, पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या. दहाव्या दिवशी राखट डाग आधीपेक्षा जास्त पसरले.

कीड होती लाल कोळी. ते औषध बोंडअळीचं. कोळ्याला त्याने काही झालं नाही, उलट कोळ्यावर जगणारे मित्रकीटक मात्र मेले. तेव्हापासून मी एक क्रम धरला आहे आणि हा लेख त्या क्रमाचाच आहे: आधी कीड कोणती ते बघायचं, मग बाटली लागणारच आहे का ते ठरवायचं, आणि बाटलीचं नाव अगदी शेवटी.

आधी भिंग, मग दुकान

दहापट मोठं दाखवणारं भिंग हे ऑर्किड पाळणाऱ्याचं पहिलं हत्यार. घड्याळजींकडे असतं तसलं चालतं. एक पांढरा कागदही हवा. संशय असलेलं पान कागदावर धरून टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके सरकू लागले आणि बोटाने पुसल्यावर तांबूस रेघ उमटली, तर बहुधा तो कोळीच. धूळ सरकत नाही. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात धूळ इतकी असते की नुसत्या नजरेने दोन्हींत फरक कळत नाही.

लाल कोळी पानाच्या खालच्या बाजूला राहतो. वरून पान बारीक ठिपक्यांनी चंदेरी-राखट दिसतं, जास्त झाला की जाळं दिसतं. त्याला कोरडी हवा आणि ऊन मानवतं, म्हणजे आपला मार्च ते जून. ३० अंशांच्या आसपास तो अंड्यापासून प्रौढ व्हायला जेमतेम आठवडाभर घेतो. ऑर्किडवर एक चपटा कोळीही येतो. तो जाळं करत नाही, अगदी बारीक असतो आणि पानावर खोलगट, गंजल्यासारखे डाग पाडतो. जाळं नाही म्हणून कोळी नाही, असं समजू नका.

पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग, ओळखायला सोपा: कापसाचा फाया. कपाशी पिकवणाऱ्या घरातल्या माणसाला तो दाखवायची गरज नाही. ऑर्किडवर मात्र तो लपतो. पानाच्या देठाच्या बेचक्यात, फुलाच्या दांड्याच्या गाठीखाली, वाळलेल्या आवरणाच्या आत, आणि सर्वांत वाईट म्हणजे कुंडीत मुळांवर. वरून झाड स्वच्छ आहे, पण नवी मुळं धरत नाहीत आणि कुंडीत मुंग्यांची ये-जा आहे, तर झाड बाहेर काढून बघाच.

खवले कीड म्हणजे पानावर चिकटलेले तपकिरी किंवा पांढुरके खवले, जणू कुणी मसुरीची सालं डकवून ठेवली आहेत. नखाने खरवडले की सुटतात. प्रौढ मादी कवचाखाली बसून राहते आणि त्या कवचातून औषध आत जात नाही. तिची पिल्लं काही दिवस चालत फिरतात. औषधाचा खरा उपयोग त्याच दिवसांत. वरच्या बाजूला एखाद्या पानावर चिकटा, म्हणजे किडीने टाकलेला गोड चिकट रस, पडला असेल तर त्याच्या सरळ वर, पानाच्या पोटाशी, मावा, मिलीबग किंवा मऊ खवले कीड शोधा. चिकट्यावर पुढे काळी बुरशी चढते. ती बुरशी औषधाने नव्हे, ओल्या फडक्याने जाते.

फुलकिडे कळीत शिरतात. फूल उमलताना वाकडं होतं, पाकळ्यांवर पांढरट-तपकिरी ओरखडे दिसतात. शेजारच्या शिवारात कांदा निघाला की ते मोकळे होऊन कुठेही उतरतात, हा आमच्याकडचा दर वर्षीचा अनुभव. निळे चिकट सापळे लावले की त्यांची संख्या कळते. पांढऱ्या माशीला पिवळे. सापळ्याने कीड संपत नाही, पण आठवड्यात चार फुलकिडे की चाळीस, हे त्यावरून कळतं. माझ्या मते सापळ्याचं एवढं काम पुरेसं आहे.

पावसाळ्यात कोवळी मुळं आणि कळ्या रात्रीत गायब झाल्या तर ती गोगलगाय. तिच्यावर कीटकनाशक चालतच नाही. रात्री दहाला बॅटरी घेऊन वेचा, काकडीच्या फोडी ठेवून सकाळी उचला. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात, पण घरात कुत्रं असेल तर त्यांचं नावही काढू नका. त्या कुत्र्याला मारतात.

आणखी एक गोष्ट औषधाने जात नाही. पानावर काळपट-पिवळे गोल, पट्टे किंवा चट्टे आहेत, कीड मात्र कुठेच नाही. हा विषाणू असू शकतो. सिंबिडियम मोझॅक हा ऑर्किडमधला नेहमीचा विषाणू प्रामुख्याने कापायच्या ब्लेडने आणि कात्रीने पसरतो. केळीवरचा मोझॅक माव्याने पसरतो हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतं, म्हणून तो इथेही माव्याचं औषध मारायला जातो. त्याचा उपयोग नाही. ब्लेड प्रत्येक झाडाला नवं घ्या किंवा ज्योतीवर लाल करून घ्या.

बाटली खरंच लागते का?

तुमच्याकडे दहापेक्षा कमी कुंड्या असतील तर माझं स्पष्ट मत: बाटली घेऊच नका. हाताने भागतं.

कीड लागलेली कुंडी आधी बाकीच्यांपासून दूर न्या. मग पाण्याचा जोर. नळीच्या तोंडाला बोट लावून पानांच्या खालून जोरात पाणी मारलं की निम्म्याहून जास्त कोळी धुऊन जातात. दर तीन दिवसांनी, असं चार वेळा. हे सकाळी करायचं. फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड असेल तर मधल्या पोंग्यात साचलेलं पाणी कागदाने टिपून घ्यायचं, नाहीतर कीड जाते आणि झाड कुजतं.

मिलीबग आणि खवले कीड यांच्यासाठी मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. कापसाचा बोळा किंवा कानकाडी भिजवून प्रत्येक कीड पुसायची. ओतायचं नाही, मुळांवर सांडू द्यायचं नाही, उन्हात करायचं नाही आणि जवळ देवाचा दिवा नको. ते पेट घेतं. खवले कीड जुन्या मऊ दातब्रशने सोडवा. आठवड्याने पुन्हा, कारण अंडी राहतात. तीन आठवडे नेटाने केलं तर बऱ्याच वेळा या लेखाचा पुढचा भाग वाचायची गरज पडत नाही.

मुळांवर मिलीबग असेल तर झाड काढा, जुना कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची साल सगळं फेकून द्या. "धुऊन वापरू" म्हणू नका. मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा, मेलेली पोकळ मुळं कापा, एक दिवस सावलीत सुकवा आणि नव्या माध्यमात लावा.

मुंग्यांचा बंदोबस्त नाही केला तर वरचं सगळं वाया. चिकट्यासाठी मुंग्या मावा आणि मिलीबग राखतात, त्यांच्या शत्रूंना हुसकावतात. बाकाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, पण पाणी दर चार दिवसांनी बदला. डासांची पैदास करून ऑर्किड वाचवण्यात अर्थ नाही.

एक सूचना खास. मिलीबगांच्या मधोमध एक मोठा, केसाळ, पांढरा आणि भरभर चालणारा "मिलीबग" दिसला तर थांबा. तो क्रिप्टोलेमस भुंग्याची अळी असण्याची शक्यता आहे आणि ती मिलीबग खाते. हा ऑस्ट्रेलियन भुंगा १८९८ साली कॉफीवरच्या किडीसाठी भारतात आणला गेला. तो दिसला की अल्कोहोलचा बोळा खाली ठेवायचा.

फवारायचं ठरलं, तर आधी हवामान बघा

ऑर्किडवरच्या परदेशी पुस्तकांत कडुनिंबाचं तेल, खनिज तेल, गंधक यांची फार स्तुती असते. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांनी भुसावळचा मे पाहिलेला नसतो. ४४-४५ अंशांत तेलाचा थर पानाची श्वासरंध्रं बुजवतो आणि पान उकडल्यासारखं होतं. तेल आणि गंधक ही खान्देशात ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीची औषधं, तीही पारा ३० च्या खाली असताना. दोन्ही एकमेकांच्या मागोमाग कधीच नाही. मध्ये किमान तीन आठवडे जाऊ द्या.

निंबोळी अर्क वेगळा. १०,००० पीपीएमचा ॲझाडिरॅक्टिन (निंबोळीतला किडीवर चालणारा घटक) लिटरला २ ते ३ मिली. तो किडीला लगेच मारत नाही, तिची भूक आणि कात टाकणं बिघडवतो. "दोन दिवस झाले, काहीच फरक नाही," असं म्हणून लोक तो सोडतात. आठ-दहा दिवसांनी बघायचं असतं. सुरुवातीच्या किडीसाठी मी आजही आधी हाच उचलते. पण लेबल बघा: त्यात तेल किती आहे त्यावर उन्हाळ्यात वापरायचा की नाही ते ठरतं.

साबणाचं पाणी चालतं, कपडे धुण्याची पावडर नाही. पोटॅशचा मऊ साबण लिटरला ५ मिली. इथे आपल्या पाण्याचा प्रश्न येतो. बोअरच्या जड पाण्यात साबण फुटतो, वर पांढरी साय येते आणि किडीपर्यंत काही पोचत नाही. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी घ्या. हे साबणापुरतंच नाही. अल्कधर्मी पाण्यात ऑरगॅनोफॉस्फेट गटातली (क्लोरोपायरीफॉससारखी) औषधंही बादलीतच विघटित होऊन निष्प्रभ व्हायला लागतात, म्हणून औषध कालवलं की तासाभरात संपवायचं.

बुरशीवर आधारित जैविक औषधं, लेकॅनिसिलियम किंवा बिव्हेरिया, चांगली आहेत, पण त्यांना ओल लागते. जुलै ते सप्टेंबरमध्ये संध्याकाळी फवारा. एप्रिलमध्ये ते पाकीट म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं.

वेळेचं म्हणाल तर मार्चपासून सकाळी साडेपाच ते साडेसात. आदल्या संध्याकाळी झाडाला पाणी दिलेलं हवं. तहानलेल्या झाडावर फवारलं की भाजतं. मी साडेदहाला फवारलं होतं, ते आठवून आजही लाज वाटते.

बाटलीवरची अक्षरं

कृषी सेवा केंद्रात गेलात की "ऑर्किडला काय देऊ?" हा प्रश्न विचारू नका. मला एका दुकानात तीन बाटल्या एकत्र करून "हाई मारा, समदं मरी जाई" असा सल्ला मिळाला होता. दुकानदाराचाही फारसा दोष नाही. तो दिवसभर कपाशी आणि केळी बघतो आणि बहुतेक लेबलांवर ऑर्किडचं नावच नसतं. म्हणून घटकाचं नाव, टक्केवारी आणि प्रकार हे कागदावर लिहून न्या आणि तेच मागा. पावती घ्या, मुदत संपण्याची तारीख वाचा.

प्रकार म्हणजे नावामागची अक्षरं आणि ऑर्किडसाठी हीच सर्वांत महत्त्वाची. ईसी म्हणजे तेलकट द्रावकात विरघळवलेलं औषध, पाण्यात दुधासारखं होतं. पुष्कळदा पान औषधाने नाही, या द्रावकाने भाजतं. कळ्या आणि कोवळी पानं तर हमखास. एससी म्हणजे बारीक कणांचं घट्ट द्रावण, डब्ल्यूजी म्हणजे पाण्यात फुटून मिसळणारे दाणे, एसपी आणि डब्ल्यूपी म्हणजे भुकटी. हे मवाळ. भुकटीचे पांढरे डाग पडतात, पण डाग पुसता येतात. एकाच घटकाचे दोन प्रकार मिळत असतील तर ईसी सोडून दुसरा घ्या, थोडा महाग असला तरी.

मग लेबलवरचा चौकोन. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग म्हणजे विषाची पातळी: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. तोंडावाटे प्राणघातक मात्रा शरीराच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. गच्चीवर, जिथे नात खेळते आणि वाळवणं पडतात, तिथे लाल कधीच नाही. पिवळा अगदी नाइलाज असेल तरच.

जुन्या सल्ल्यांपासूनही जपा. कोळ्यासाठी वर्षानुवर्षं डायकोफॉल सांगितलं जायचं. २०२३ मध्ये त्याच्यावर, तसंच मेथोमिलवर, बंदी आली. घराघरांत असलेलं डायक्लोरव्हॉस २०२० च्या अखेरीस बंद झालं. एंडोसल्फानवर २०११ साली बंदी आली. फडताळात यातलं काही असेल तर ते ऑर्किडवर संपवायची वस्तू नाही.

कीड कोणती, औषध कोणतं

लाल कोळी. कोळी हा कीटक नाही, आठ पायांचा प्राणी आहे. म्हणून कीटकनाशकांची बहुतेक यादी इथे निकामी. इमिडाक्लोप्रिडने कोळी मरत नाही, उलट त्यानंतर कोळी वाढल्याची उदाहरणं आहेत. सायपरमेथ्रिनसारख्या औषधांनंतरही तेच. कोळीनाशकच हवं. माझी पहिली पसंती स्पायरोमेसिफेन २२.९ टक्के एससी, लिटरला ०.८ ते १ मिली: एससी आहे, अंडी आणि पिल्लं दोन्हींवर चालतं, सावकाश काम करतं. दुसऱ्या फेरीला गट बदलायचा. हेक्सिथायाझॉक्स अंडी आणि पिल्लांवर चांगलं, पण प्रौढ कोळी त्याने मरत नाही. ॲबामेक्टिन १.९ टक्के लिटरला ०.५ मिली पानाच्या आत झिरपून खालच्या बाजूपर्यंत पोचतं. पण ही दोन्ही ईसीत येतात, म्हणून फुलं नसताना आणि आधी एका पानावर पाहूनच. पाण्यात मिसळायचं गंधक लिटरला २ ग्रॅम स्वस्त आणि उत्तम, फक्त हिवाळ्यात.

मिलीबग आणि खवले कीड. ब्युप्रोफेझिन २५ टक्के एससी, लिटरला १.५ ते २ मिली. हे पिल्लांना कात टाकू देत नाही. मोठी मादी त्याने मरत नाही, म्हणून आधी अल्कोहोलने मोठ्या पुसायच्या, मग हे फवारायचं. दोन्ही मिळून काम होतं, एकट्याने नाही. दुसऱ्या फेरीला थायामेथोक्झाम २५ टक्के डब्ल्यूजी, लिटरला ०.२ ते ०.३ ग्रॅम, किंवा ॲसिटामिप्रिड २० टक्के एसपी, ०.२ ग्रॅम. ही आंतरप्रवाही आहेत, झाडाच्या रसातून किडीपर्यंत जातात. लोक म्हणतात, मग कुंडीत ओतू या. मातीतल्या झाडाला ते चालतं. ऑर्किडची कुंडी म्हणजे कोळसा आणि सालींची चाळणी, ओतलेलं अर्ध्या मिनिटात खालून बाहेर. मुळांवरच्या मिलीबगसाठी झाड काढून मुळं द्रावणात दहा-पंधरा मिनिटं बुडवणं हेच खरं.

फुलकिडे. स्पिनोसॅड ४५ टक्के एससी, लिटरला ०.३ मिली. कळ्या मिटलेल्या असताना, पहाटे. ओलं असेपर्यंत ते मधमाश्यांना घातक आहे, म्हणून उमललेल्या फुलांवर नको. फुलकिड्यांची कोशावस्था कुंडीतल्या माध्यमात जाते, तेव्हा एका फवारणीत ते संपत नाहीत. कीड भरलेली फुलं खुडून पिशवीत बांधून टाकणं हे अर्धं औषध आहे. मन होत नाही, मान्य. तरी खुडा.

मावा आणि पांढरी माशी. साबणपाणी, निंबोळी, आणि मग ॲसिटामिप्रिड. यांच्यावर जास्त शाई खर्च करण्यासारखं काही नाही.

रोगर, म्हणजे डायमेथोएट, खान्देशात प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहे. ते ईसी आहे, वास दोन दिवस जात नाही आणि घराजवळ ते कशाला? बुरशीसाठी कॉपर ऑक्सिक्लोराइड वापरणाऱ्यांनीही डेंड्रोबियम वगळावं. त्याला तांबं सोसत नाही.

गट बदलण्याचं नीट समजून घ्या. इमिडाक्लोप्रिड, ॲसिटामिप्रिड आणि थायामेथोक्झाम ही तीन नावं, पण एकच कुळी. एकामागून एक तिन्ही मारली तर बदल काहीच झाला नाही. औषधाला न मरणारी कीड तेवढी उरते आणि वाढते, कपाशीत जे घडलं तेच गच्चीवर घडतं. म्हणून एका कुळीचं लागोपाठ जास्तीत जास्त दोनदा, मग दुसरी कुळी. अंतर ऋतूप्रमाणे: उन्हाळ्यात पाच ते सात दिवस, थंडीत दहा ते चौदा. धुळ्यात जानेवारीत पारा एक आकडी होतो, तेव्हा किडीचं चक्रही रेंगाळतं.

टोपणाने मोजू नका

शेतात माप टोपणाचं: "पंपाला एक टोपण." लिटरभर द्रावणात ०.३ मिली लागतं तिथे टोपण म्हणजे कहर. सुई काढलेली १ मिलीची सिरिंज आणा आणि तिच्यावर "औषध" असं लिहून वेगळी ठेवा. इन्सुलिनची सिरिंज घेतलीत तर तिच्यावर युनिट असतात, मिली नाहीत. तिथे गोंधळ होतो. दाण्यांसाठी सोनाराकडे असतो तसला ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा.

लेबलवर मात्रा हेक्टरी असते. उदाहरणार्थ हेक्टरी १०० ग्रॅम, पाणी ५०० लिटर. १०० भागिले ५००, म्हणजे लिटरला ०.२ ग्रॅम. एवढंच गणित. वर मी दिलेले आकडे आणि तुमच्या बाटलीसोबतची घडीपत्रिका यांत फरक असला तर घडीपत्रिका खरी.

ऑर्किडचं पान मेणचट, पाणी थेंब होऊन घरंगळतं. लिटरला अर्धा मिली चिकट द्रव्य टाका. त्यापलीकडे द्रावणात काहीही नाही. टॉनिक नाही, बुरशीनाशक नाही, दुसरी बाटली नाही.

शेतातला पंप कधीच आणू नका. त्यात कधीतरी तणनाशक गेलेलं असतं. टू-फोर-डीचा अंश चार वेळा धुतल्यावरही राहतो आणि ऑर्किडची वाढ वेडीवाकडी करतो. २ लिटरचा हातपंप वेगळा घ्या, वर तेलखडूने "फक्त कीड" असं लिहा.

आधी एका झाडाच्या एका जुन्या आणि एका कोवळ्या पानावर फवारा, सात दिवस थांबा. वांडा जातीच्या ऑर्किडची मुळं उघडी लटकलेली असतात, एखाद्या मुळावरही बघा. काही झालं नाही तर बाकीच्यांवर. पानाच्या खालून सुरुवात, मग वर. भिजलं की पुरे, टपकायला नको.

अंगाची काळजी

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना शेकडो शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसं गेली. उंच वाढलेलं पीक, एकत्र कालवलेली औषधं, अंगावर संरक्षण नाही. आपण लिटरभरच फवारतो म्हणून हसण्यावारी नेऊ नका. नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्या, चष्मा आणि औषधाच्या वाफेसाठीचा मास्क. रुमाल बांधणं म्हणजे मास्क नव्हे. वाऱ्याकडे पाठ करायची. कुंडी घरात असेल तर बाहेर आणून फवारायची आणि पूर्ण वाळल्यावरच आत. माश्यांची टाकी असेल तर तिच्या जवळपास ॲबामेक्टिन किंवा सायपरमेथ्रिन नाही. मांजर असेल तर सायपरमेथ्रिनच्या कुळीतलं काहीच नाही.

उरलेलं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच ठेवायचं नाही. या एका सवयीने कितीतरी घरं उजाड झाली आहेत. पोटात गेलंच तर उलटी करवू नका, १०८ ला फोन करा आणि बाटली लेबलसकट दवाखान्यात न्या. डॉक्टरांना घटकाचं नाव कळलं की उपचार बदलतो.

शंका राहिली तर कीड लागलेलं पान बंद पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात न्या. रावेर तालुक्यात पालला आहे, नंदुरबारजवळ कोळद्याला आहे. धुळ्याला राहुरी विद्यापीठाचं कृषी महाविद्यालय आहे. तिथले कीटकशास्त्राचे लोक ऑर्किड बघून आधी जरा चकित होतात, मग भिंगाखाली पान धरतात आणि दोन मिनिटांत सांगतात. तोरणमाळच्या जंगलातून मात्र आमरी उपटून आणू नका. सगळी ऑर्किड आंतरराष्ट्रीय व्यापारबंधनाच्या यादीत आहेत, आणि तिथल्या आंब्यावर, महूवर ती जशी राहते तशी तुमच्या गच्चीवर राहणार नाही. ती येताना खवले कीडही घेऊन येते, ते वेगळंच.

नवं झाड विकत आणलं तरी तीन आठवडे वेगळं ठेवायचं. माझ्याकडे आलेल्या किडींपैकी बहुतेक अशाच, नर्सरीच्या पिशवीतून आल्या आहेत.

लिटरभर लागणार असेल तर लिटरभरच कालवा. उरलं तर मोरीत, नाल्यात नाही. त्याच झाडांवर दुसरा हलका हात फिरवून संपवा. रिकामी बाटली तीनदा धुवा, ते पाणीही पंपातच घाला, आणि बाटलीला खिळ्याने भोकं पाडा म्हणजे कुणी तिच्यात तेल भरणार नाही. वहीत तारीख, घटकाचं नाव, मात्रा आणि त्या दिवसाचं कमाल तापमान लिहून ठेवा. माझ्या वहीत पहिलं पान १४ एप्रिलचं आहे: "क्लोरो + सायपर, ४३ अंश, साडेदहा." पुढे काही लिहिलेलं नाही.